हँडलबार बॅग घेण्याआधी मोजपट्टी हातात घ्या

पहिल्या लांबच्या सायकल सहलीसाठी मी हँडलबार बॅग निवडली ती निव्वळ फोटो पाहून. दिसायला छान, कप्पे भरपूर आणि आकाराने ऐसपैस. जागा होती म्हणून मी ती भरत गेलो. कुलूप, हत्यारं, दोन सुट्या ट्यूब, पॉवर बँक, कॅमेरा, वर पाण्याची बाटली. पहिल्याच मोठ्या उतारावर हँडल हातात थरथरायला लागलं. मी घाबरून ते आणखी आवळून धरलं, तशी थरथर वाढली. कसाबसा कडेला थांबलो. मुक्कामी पोचल्यावर बॅग काट्यावर ठेवली तर साडेसहा किलो भरली.

ही बॅग सायकलच्या स्टिअरिंगचा भाग असते, हे त्या दिवशी कळलं. मागच्या कॅरिअरवरचं सामान सायकलबरोबर नुसतं पुढे जातं. हँडलवरचं सामान मात्र प्रत्येक वळणावर, प्रत्येक खड्ड्यात तुमच्या हाताशी बोलत असतं. म्हणून इथे काय ठेवायचं, किती ठेवायचं आणि बॅग नेमकी कुठे टांगायची, हे खरेदीच्या आधी ठरवावं लागतं.

१. आधी सामान ठरवा, मग बॅग

दिवसभरात सायकलवरून फारसं न उतरता ज्या वस्तू हव्या असतात, त्या जमिनीवर मांडा. माझ्या अनुभवात त्या एवढ्याच असतात:

- फोन, चार्जिंगची वायर, छोटी पॉवर बँक
- पाकीट आणि कागदपत्रं
- कॅमेरा, नेत असाल तर
- गॉगल, सनस्क्रीन, रुमाल
- पातळ विंडचीटर किंवा रेनकोट, हातमोजे
- चालता चालता तोंडात टाकायला काहीतरी
- वही-पेन किंवा कागदी नकाशा
- मलमपट्टीचं छोटं पाकीट

कुलूप, हत्यारं, सुट्या ट्यूब, पाणी, स्टोव्ह, तंबूचे खांब या यादीत नाहीत. ते सगळं जड आहे आणि दिवसातून एखाद्या वेळी लागतं. त्याची जागा मागच्या पॅनियरमध्ये (कॅरिअरच्या बाजूला लटकणाऱ्या पिशवीत) किंवा फ्रेमच्या त्रिकोणात, जितकी खाली तितकी चांगली.

कागदपत्रांसाठी एक चपटं, पाणी न शिरणारं पाकीट वेगळं करा. त्यात ओळखपत्र, परदेशात असाल तर पासपोर्ट, विम्याचा कागद, तिकिटं आणि जवळच्या दोन माणसांचे फोन नंबर कागदावर लिहून ठेवा. फोनची बॅटरी संपली की तो कागदच उपयोगी पडतो. या सगळ्याच्या झेरॉक्स प्रती दुसऱ्या बॅगेत असू द्या.

आता मांडलेल्या सामानाचं वजन करा. स्वयंपाकघरातला काटा चालेल. तो नसेल तर सामान हातात घेऊन माणसं तोलायच्या काट्यावर उभे राहा, मग रिकाम्या हाताने, आणि फरक काढा. दोन-अडीच किलोपर्यंत असेल तर बहुतेक सायकली तक्रार करत नाहीत. तीनच्या पुढे गेलात की प्रत्येक वस्तू पुन्हा हातात घेऊन विचार करा. माउंटवर, म्हणजे बॅग ज्याने हँडलला अडकते त्या भागावर, लिहिलेली मर्यादा, मग ती पाच किलो असो वा सात, एवढंच सांगते की तेवढ्या वजनाने माउंट तुटणार नाही. सायकल नीट वळेल की नाही, त्याची हमी ती देत नाही.

२. चार प्रकार आणि त्यांचे स्वभाव

पेटीसारखी बॅग, क्लिपच्या माउंटवर. हँडलला एक माउंट कायमचं बसवलेलं असतं आणि बॅग त्यावर टकदिशी अडकते. बटण दाबलं की निघते, खांद्याला पट्टा लावून घेऊन जाता येते. साधारण पाच ते नऊ लिटर. टूरिंगला, म्हणजे सामान घेऊन लांबच्या सायकल सहलींना, नव्याने लागणाऱ्याने मुकाट्याने हीच घ्यावी असं माझं ठाम मत आहे. रस्त्यात कुठेही थांबलात की मौल्यवान सगळं एका हालचालीत तुमच्यासोबत येतं, आणि ही सोय दिवसातून दहा वेळा वापरली जाते. वजा बाजू अशी की माउंट धरून रिकामी बॅगच पाऊण किलोच्या आसपास जाते आणि भार हँडलच्या बराच पुढे लटकतो.

गुंडाळी बॅग. दोन्ही टोकांना गुंडाळून बंद होणारी लांबट पिशवी, पट्ट्यांनी हँडलला बांधलेली. हलकी असते, कच्च्या रस्त्यावर उड्या मारत नाही. पण चालता चालता उघडता येत नाही, सोडून घ्यायलाही वेळ लागतो. स्लीपिंग बॅग, कपडे असं हलकं आणि फुगीर सामान न्यायला उत्तम. मातीच्या वाटांवर जाणार असाल तर हीच, आणि सोबत स्टेमजवळ (हँडल फ्रेमला जोडणाऱ्या आखूड नळीजवळ) एक छोटी खाऊची पिशवी.

पुढच्या छोट्या कॅरिअरवर बसणारी बॅग. ही लांब पल्ल्याच्या फ्रेंच सायकलस्वारांची जुनी पद्धत. पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस ही शर्यत १८९१ साली सुरू झाली. पुढे १९३१ पासून हौशी सायकलस्वारही हेच अंतर ठरावीक वेळेत कापू लागले. वाटेत कुणाची मदत न घेता आपलं सामान आपणच वाहायचं, तेही झटकन हाताला लागेल असं, म्हणून या मंडळींत चौकोनी कापडी बॅग रुळली. तिचं वजन कॅरिअर पेलतो, हँडलवर फक्त आधार असतो. बॅग खाली आणि चाकाच्या आसाजवळ येते, त्यामुळे तोच भार कमी जाणवतो. मात्र त्यासाठी कॅरिअर बसेल असा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, हवा.

चौथा प्रकार म्हणजे छोट्या नळकांडी पिशव्या, दोन-तीन लिटरच्या. एका दिवसाच्या फेरीला पुरतात.

थोडं स्टिअरिंगबद्दल, कारण तिसऱ्या प्रकाराचं मर्म त्यातच आहे. पुढचं चाक जमिनीला जिथे टेकतं, ती जागा स्टिअरिंगच्या आसाची रेषा जिथे जमिनीला भिडते त्याच्या थोडी मागे असते. या अंतराला ट्रेल म्हणतात. ट्रेल जास्त असली की वेगात सायकल सरळ राहते, पण हळू चालवताना हँडल कडेला कलायला बघतं आणि पुढचं वजन तो कल वाढवतं. आजच्या टूरिंग सायकलींची ट्रेल साधारण ६० मिलिमीटरच्या आसपास असते. पुढे भार न्यायला मुद्दाम बनवलेल्या जुन्या धर्तीच्या सायकलींची ३० ते ४०. म्हणून एखाद्याला चार किलोची बॅग जाणवतही नाही आणि तीच बॅग तुम्हाला चढावर नकोशी होते. दोघेही खरं बोलत असतात, सायकली वेगळ्या असतात.

३. पाच मापं

बॅगा परत कराव्या लागतात त्या बहुतेक वेळा मापं न घेतल्यामुळे. मोजपट्टी, कागदाची एक पट्टी आणि पेन्सिल घ्या.

पहिलं माप हँडलच्या जाडीचं. माउंट बसतं ती जागा स्टेमच्या लगत. तिथे कागदाची पट्टी एक वेढा गुंडाळा, जिथे टोक मिळतं तिथे खूण करा आणि लांबी मोजा. १०० मिलिमीटरच्या आसपास भरली तर हँडल ३१.८ मिलिमीटर जाडीचं आहे. ८० भरली तर २५.४ चं. ८२ च्या जवळ गेली तर २६ चं, जे जुन्या ड्रॉप हँडलवर (रेसिंग सायकलसारख्या, टोकं खाली वळलेल्या हँडलवर) दिसतं. ११० भरली तर ३५ चं. माउंट त्याच मापाचं घ्या. रबराचे तुकडे कोंबून मोठं माउंट बारीक नळीवर बसवू नका, पहिल्या मोठ्या खड्ड्यात ते खाली फिरतं.

दुसरं, रुंदी. ड्रॉप हँडल असेल तर ब्रेकच्या मुठींच्या आतल्या कडांमधलं अंतर मोजा. ४२ सेंटिमीटरचं हँडल म्हणजे ४२ सेंटिमीटर मोकळी जागा नव्हे, ती बरीच कमी भरते. गिअर बदलताना लिव्हर आतल्या बाजूला सरकतात, तेवढी जागाही सोडा. काही जुन्या लिव्हरमधून गिअरची वायर कडेने बाहेर येते आणि नेमकी बॅगेच्या जागेतून जाते. तशी सायकल असेल तर अरुंद बॅगच बघा.

तिसरं, उंची. हँडलपासून खाली पुढच्या टायरपर्यंत, मडगार्ड असेल तर मडगार्डपर्यंत. त्यातून बॅगेची उंची वजा करा. साध्या फोर्कला निदान तीन-चार सेंटिमीटर उरले पाहिजेत. पुढे सस्पेन्शन असेल तर तो जितका दबतो तितकी जागा आणखी सोडा. १०० मिलिमीटर दबणारा फोर्क म्हणजे दहा सेंटिमीटर वरचे. हे विसरलं तर एखाद्या जोरदार ब्रेकला बॅग टायरवर टेकते, आणि फिरत्या टायरवर बॅग टेकली की चाक अडू शकतं. लहान फ्रेमच्या सायकलींवर ही जागा मुळातच कमी असते. कमी उंचीच्या सायकलस्वारांनी या मापावर विशेष लक्ष द्यावं.

चौथं, हँडलच्या पुढे ब्रेक-गिअरच्या वायरी किती बाहेर येतात ते. बॅग त्यांना दाबणार असेल तर ब्रेक जड होतात.

पाचवं गुंडाळी बॅगेसाठी. १६ सेंटिमीटर व्यासाची आणि ४० सेंटिमीटर लांब गुंडाळी साधारण आठ लिटरची होते. व्यास २० केला तर तीच साडेबारा लिटरची. व्यासात चार सेंटिमीटर एवढे महाग पडतात, कारण ते सरळ टायरच्या दिशेने वाढतात. लिटर बघून बॅग मागवू नका, व्यास विचारा.

एक सावधगिरी: हँडल कार्बनचं असेल तर हँडल बनवणाऱ्याने माउंट आवळायला परवानगी दिली आहे का, ते माहितीपत्रकात शोधा. बरेच जण स्पष्ट नाही म्हणतात. कार्बनला एका जागी दाब पडला तर आतली इजा बाहेरून दिसत नाही.

४. बॅग हातात घेऊन काय बघायचं

झाकण कोणत्या बाजूने उघडतं ते आधी बघा. बिजागरी पुढच्या बाजूला असावी, म्हणजे झाकण तुमच्यापासून दूर उघडतं आणि हात सरळ आत जातो. बिजागरी तुमच्या बाजूला असेल तर प्रत्येक वेळी झाकण छातीवर येतं. चेन असेल तर एका हाताने, हातमोजा घालून ती उघडते का बघा. माझा कल लोहचुंबकाच्या किंवा दाबबटणाच्या झाकणाकडे आहे, कारण धूळ आणि घामाचं मीठ चेनचे दात खातात.

पाण्याबद्दल: ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द बघून थांबू नका, शिवण बघा. प्लास्टिकचा थर दिलेल्या कापडाचे जोड वितळवून चिकटवलेले असतील तर पाणी शिरत नाही. कापड कितीही चांगलं असलं तरी शिवणीला सुईची भोकं असतात आणि पाणी तिथूनच झिरपतं. शिवलेली बॅग आवडली असेल तर जरूर घ्या, फक्त पावसाचं कव्हर सोबत ठेवा आणि आत कागदपत्रांना वेगळी पिशवी द्या.

रिकामी बॅग दोन्ही हातांनी पिळून बघा. पाठीला आणि तळाला कडक पत्रा हवा. मऊ बॅग महिनाभरात पुढे झुकते आणि तळ टायरकडे जातो. कप्पे मोजू नका. एक मोठा कप्पा, आत एक चपटा खिसा आणि बाहेर जाळीचा एखादा खिसा एवढं पुरे. वीस कप्प्यांच्या बॅगेत किल्ली शोधत मी उन्हात पाच-पाच मिनिटं उभा राहिलो आहे.

५. बसवणं

लागणाऱ्या गोष्टी: ४ आणि ५ मिलिमीटरच्या ॲलन की, माउंटसोबत आलेले स्क्रू, एक फडकं, फ्रेमला चिकटवायची पारदर्शक टेप. पोलादी तार असलेलं माउंट असेल तर वायर कटर.

अ) हँडल माउंटच्या जागी फडक्याने कोरडं पुसा. तेलाचा डाग राहिला तर माउंट घसरतं.

आ) माउंट सैल बसवा, रिकामी बॅग अडकवा आणि उंची बघा. बॅग आडवी राहिली पाहिजे किंवा किंचित तुमच्याकडे झुकलेली. भरल्यावर ती थोडी खाली येणार हे धरून चाला.

इ) स्क्रू दोन्ही बाजूंचे थोडे थोडे, आळीपाळीने आवळा. एक पूर्ण आवळून मग दुसरा, असं केलं की पट्टी वाकडी बसते. माउंटवर न्यूटन-मीटरचा (किती जोराने आवळायचं त्याचा) आकडा छापलेला असेल तर तोच पाळा.

ई) काही माउंटमध्ये पोलादी तार हँडलखालून फिरवून ओढतात, म्हणजे माउंट खाली फिरत नाही. उरलेली तार कापण्याची घाई करू नका. दोन-तीन फेऱ्या मारा, उंची पक्की करा, मगच कापा. आखूड झालेली तार पुन्हा वापरता येत नाही.

उ) वायरी बॅगेच्या बाजूने किंवा खालून मोठ्या गोलाईत जातील अशा लावा. अणकुचीदार वळण कुठेही नको. जिथे वायर किंवा बॅग फ्रेमला घासते तिथे टेप लावा. एका लांबच्या सहलीत रंग जाऊन धातू दिसू लागतो.

ऊ) दिव्याची जागा बदला. हँडलवरचा दिवा बॅगेच्या मागे गेला की रस्त्यावर प्रकाशच पडत नाही. फोर्कच्या वरच्या भोकाला किंवा बॅगेच्या पुढे येणाऱ्या आडव्या दांडीला दिवा लावा. अंधारात उभं राहून बॅगेची सावली रस्त्यावर कुठे पडते ते एकदा बघाच.

६. निघण्याआधीची चाचणी

बॅग पूर्ण भरा. सायकल उभी धरून हँडल टोकापासून टोकापर्यंत वळवा. ब्रेक आपोआप लागतो का, गिअर आपोआप बदलतो का? तसं होत असेल तर वायर कुठेतरी ओढली जाते आहे. मग पुढचं चाक पाच-सात सेंटिमीटर उचलून सोडा. खडखड आली तर माउंट सैल आहे किंवा आतलं सामान सुटं आहे.

त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर जा. आधी चालण्याच्या वेगाने आठचा आकडा काढा, मग वेगात सरळ जा, मग दोन्ही ब्रेक जोरात लावा. शेवटी पेडलवर उभे राहून छोटा चढ चढा. हँडल डावी-उजवीकडे ओढतंय असं वाटलं तर अर्धा किलो काढून मागे टाका आणि पुन्हा करून बघा. पहिल्या ५० किलोमीटरनंतर सगळे स्क्रू परत तपासा, नवीन माउंट थोडं बसतंच.

उतारावर थरथर आलीच तर हात सैल ठेवा, आवळू नका. दोन्ही गुडघे फ्रेमच्या वरच्या आडव्या नळीला घट्ट टेकवा, सीटवरून किंचित उठा आणि हळूहळू वेग कमी करा, भर मागच्या ब्रेकवर ठेवून. गुडघ्यांचा दाब त्या थरथरीची लय मोडतो. त्या पहिल्या उतारावर मला हे माहीत असतं तर फार बरं झालं असतं. थांबल्यावर भार कमी करा, आणि हँडलचं बेअरिंग व चाक सैल नाही ना तेही बघा, कारण दोष दरवेळी बॅगेचाच नसतो.

७. भरण्याची रीत

जड वस्तू तळाशी आणि तुमच्या बाजूला, म्हणजे हँडलच्या जितकी जवळ तितकी. पॉवर बँक आणि कॅमेरा तिथे. कॅमेऱ्याखाली फोमचा तुकडा किंवा घडी केलेला विंडचीटर ठेवा, सततच्या हादऱ्यांनी लेन्सचे स्क्रू ढिले होतात. डावी-उजवी बाजू सारखी भरा. किल्ल्या खिशात सुट्या टाकू नका, आतल्या हुकला अडकवा. प्रत्येक वस्तूची जागा एकदा ठरली की ती बदलू नका. चौथ्या दिवशी हात न बघता योग्य ठिकाणी जातो.

चालता चालता बॅग उघडायची तर सरळ, रिकाम्या, सपाट रस्त्यावर, आणि फक्त वरच्या वस्तूसाठी. आत डोकावून शोधावं लागणार असेल तर थांबा.

८. थांबल्यावर

नवीन माणसाला हमखास गाठणारा प्रसंग: सायकल भिंतीला टेकवली, पाठ वळली आणि पुढचा भार हँडल फिरवून सायकल आडवी करतो. उपाय साधा आहे. एक जाड रबरबँड किंवा वेल्क्रोची पट्टी हँडलवर कायम गुंडाळून ठेवा. थांबलात की पुढचा ब्रेक दाबून त्यावर ती चढवा. चाक अडतं, सायकल घरंगळत नाही. निघताना काढायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

माउंटला किल्लीचं कुलूप असलं तरी बॅग सायकलवर सोडून जाऊ नका. ते कुलूप बॅग उचलून नेणाऱ्याला अडवतं, झाकण उघडणाऱ्याला नाही.

विमानाने सायकल नेत असाल तर हीच बॅग केबिनमध्ये घ्या. पॉवर बँक चेक-इन सामानात चालत नाही, ती हातातच न्यावी लागते, आणि १०० वॉट-तासांच्या वरची असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते. ॲलन की आणि चाकू असलेलं मल्टिटूल मात्र आदल्या रात्रीच आठवणीने काढून चेक-इनच्या सामानात टाका. आंतरराष्ट्रीय उड्डाणांत सनस्क्रीनची बाटली बहुतेक ठिकाणी १०० मिलिलिटरपेक्षा मोठी चालत नाही.

सहलीवरून आलात की बॅग उलटी करून झटका, ओल्या फडक्याने पुसा आणि झाकण उघडं ठेवून सावलीत वाळवा. उन्हात टांगलेल्या बॅगेचा थर लवकर तडकतो. माउंटच्या खाचेत माती बसलेली असते, ती जुन्या टूथब्रशने काढा. खाच भरलेली असेल तर पुढच्या वेळी क्लिप अर्धीच बसते, आणि तरीही ‘टक’ असा आवाज येतो. म्हणून अडकवल्यावर दरवेळी बॅग एकदा वर ओढून बघायची.